ठेवणीतलं अन्न

मराठीत रांधण्यावरची पुस्तकं उदंड आहेत. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने कितीतरी घरांना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला. परगावी बिऱ्हाड थाटायला निघालेल्यांच्या सामानात ती हटकून असायची. पण रांधून झाल्यावर उरलेलं कशात काढायचं, कुठे ठेवायचं आणि किती दिवस ठेवायचं, यावर त्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलं आहे. हे मुद्दाम शिकवावं लागेल असं कुणाला वाटलंच नसावं. घरात वावरता वावरता ते अंगवळणी पडायचं. आजी सांगायची, आई करायची, मुलं बघायची.

फ्रिज येण्यापूर्वीच्या स्वयंपाकघरात साठवणीची समज किती बारीक होती, ते आठवून बघण्यासारखं आहे. दूध तापवून जाळीच्या कपाटात जायचं. दह्या-लोण्याची भांडी शिंक्यावर टांगलेली, मांजराला आणि मुंग्यांना न पोचणारी आणि वारा लागणारी. लोणच्याची बरणी चिनी मातीचीच, कारण आंबट आणि खारट पदार्थ धातूला खातात. लोणच्यावर बोटभर तेल उभं राहिलंच पाहिजे, बरणीच्या तोंडाला दादरा बांधलाच पाहिजे आणि आत ओला चमचा कुणीही घालता कामा नये. तूरडाळीला एरंडेलाचा हात, धान्यात कडुनिंबाचा पाला. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या. या सगळ्यामागे एक धोरण होतं. जंतू आणि बुरशी वाढायला पाणी, हवा आणि ऊब लागते; त्यातलं एखादं तरी त्यांना मिळू द्यायचं नाही. ऊन पदार्थातलं पाणी काढून घेतं. मीठ आणि साखर ते पाणी धरून ठेवतात, जंतूंच्या हाती लागू देत नाहीत. तेल हवा तोडतं. राहता राहिली ऊब. माठाच्या गारव्याने ती थोडीफार कमी व्हायची, पण तेवढ्याने आमटी-भात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. म्हणून रोजचा स्वयंपाक माणसं मोजून केला जायचा आणि त्यातूनही काही उरलंच, तर सकाळी फोडणीचा भात नाहीतर पोळीचा कुस्करा ठरलेला.

ऊब काढून घेण्याचं साधन आपल्याकडे आलं ते आधी बर्फाच्या रूपाने. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून तिकडच्या तळ्यांतला १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त दोनदा ओलांडून, त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला; मद्रासचं बर्फघर आजही समुद्रकाठी उभं आहे. घरगुती फ्रिज मात्र फार उशिरा आला. भारतात फ्रिज तयार होऊ लागले ते १९५८ पासून, गोदरेजच्या कारखान्यात. मध्यमवर्गीय मराठी घरांत तो रुळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली. सुरुवातीला त्याची जागा स्वयंपाकघरात नसून बाहेरच्या खोलीत, भरतकामाचं आच्छादन घालून.

आणि इथेच माझ्या मते गडबड झाली. ऊन, मीठ-साखर आणि तेल यांच्या जोडीला थंडी ही चौथी गोष्ट हाती आली, म्हणून आधीच्या तिन्हींची समज आपण सोडून दिली. दादरा, बरणी, कोरडा चमचा, वारा, सावली हा विचार मागे पडला आणि ‘ठेव फ्रिजमध्ये’ हे एकच उत्तर सगळ्याला पुरेल असं वाटू लागलं. टोमॅटो, केळी, बटाटे, पोळ्या, मध, मसाले, कढईतली भाजी, पिशवीतली कोथिंबीर, सगळं एकाच थंड कपाटात कोंबलं जातं आणि दार लागलं की काळजी मिटते. आठवड्याने मागच्या कोपऱ्यात राखाडी लव आलेली चटणीची वाटी सापडते. हे पुस्तक त्या वाटीसाठी लिहिलं आहे.

सगळ्यात आधी थंडी नेमकं काय करते ते समजून घेऊ. शिजवलेल्या अन्नात ऊब असेल तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूपासून धरलं तरी सात तासांत आकडा वीस लाखांच्या वर जातो. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा दंडक म्हणूनच सोपा आहे: थंड ठेवायचं ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर, मधला पट्टा धोक्याचा. फ्रिज या जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ संथ करतो. काही तर तिथेही वाढतात. लिस्टेरिया नावाचा जंतू ४ अंशांतही हळूहळू वाढत राहतो, आणि गरोदर बाई किंवा थकलेली म्हातारी माणसं यांच्यासाठी तो घातक ठरू शकतो. म्हणून अशा घरात फ्रिजमधलं उरलेलं अन्न नुसतं कोमट करून वाढू नये, वाफा येईपर्यंत तापवावं.

आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित पदार्थ म्हणजे भात. कच्च्या तांदळावर बॅसिलस सीरियस या जंतूची बीजं असतात आणि ती उकळीला दाद देत नाहीत. भात शिजून ओट्यावर तसाच राहिला, की त्या कोमट ओलाव्यात बीजं रुजतात, जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्री नऊला शिजलेला भात कुकरमध्येच झाकून राहिला, सकाळी सातला त्याला खमंग फोडणी दिली आणि मुलाच्या डब्यात दिला, तर फोडणीने चव येईल, विष जाणार नाही. उपाय अगदी साधा आहे. जेवणं आटोपली की उरलेला भात परातीत किंवा पसरट ताटात मोकळा करायचा. कुकरच्या भांड्यात भाताचा मधला गोळा तासन् तास गरम राहतो. पसरलेला भात पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटांत हाताला गार लागतो. मग तो उथळ डब्यात भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हायला हवं, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. असा ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी निर्धास्त परतावा. तिसऱ्या दिवसासाठी तो ठेवूच नये.

गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवला की फ्रिज बिघडतो, हा समज अनेक घरांत पक्का आहे. उकळतं पातेलं आत ठेवू नये हे खरं, कारण त्याच्या वाफेने आजूबाजूचं दूध, दही गरम होतं आणि यंत्राला जास्त वेळ चालावं लागतं. पण पूर्ण गार होईपर्यंत थांबायच्या नादात आमटी रात्रभर बाहेर राहते, ते जास्त वाईट. मोठं पातेलं असेल तर परातीत गार पाणी घालून त्यात ते उभं करावं, मधूनमधून डावाने ढवळावं, एकाच्या दोन भांड्यांत विभागावं. हात लावता येईल इतकं कोमट झालं की आत ठेवायला हरकत नाही.

अन्न बिघडलं का हे आपण नाकाने ठरवतो. आमटी आंबली, दूध नासलं, खोबऱ्याला खवट वास आला, हे नाक बरोबर सांगतं. मात्र आजारी पाडणारे जंतू आणि त्यांची विषं पुष्कळदा वास, रंग, चव यांतलं काहीच बदलत नाहीत. वरचा भात हे एक उदाहरण. दुसरं माशाचं. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात ऊब लागली की जंतू हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार करू लागतात. मासा अजून ताजा दिसतो, कालवण छान होतं, आणि जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. शिजवून किंवा तळून हे द्रव्य नष्ट होत नाही. कोकणातली कोळीण टोपलीत बर्फ घालून बसते, त्यात नुसता टवटवीतपणा दाखवायचा हेतू नसतो. तो बर्फ बाजारापासून तुमच्या ओट्यापर्यंत तुटता कामा नये. मासळी सगळ्यात शेवटी घ्यावी, घरी आल्या आल्या साफ करून, निथळून, झाकणाच्या डब्यात घालावी आणि फ्रिजच्या सगळ्यात थंड जागी ठेवावी. त्याच दिवशी करायची नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये.

आता सगळ्यात थंड जागा कोणती? एकाच फ्रिजमध्ये सगळीकडे सारखी थंडी नसते आणि ती कुठे किती असेल हे फ्रिजच्या प्रकारावर ठरतं. एकदारी, बर्फ जमणाऱ्या फ्रिजमध्ये वरच्या फ्रीझरची थंडी जड हवेबरोबर आपसूक खाली उतरते. त्यामुळे फ्रीझरच्या लगेच खालचा चिलर ट्रे सर्वांत गार, आणि मागची भिंतही गार. पालेभाजी तिला चिकटून राहिली की गोठून काळी पडते. दोनदारी, बर्फ न जमणाऱ्या फ्रिजमध्ये पंखा थंड हवा झरोक्यांतून आत सोडतो. तिथे झरोक्यासमोर इडलीच्या पिठाचं मोठं पातेलं ठेवलं की पलीकडचा सगळा कप्पा कोमट राहतो आणि आपण कंपनीला फोन करतो. झरोके कुठे आहेत ते एकदा हात फिरवून बघावं आणि त्यांच्यासमोर चार बोटं जागा सोडावी. ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये हवा फिरत नाही, मग बटण कितीही वर नेलं तरी उपयोग होत नाही. त्या गोल बटणावरचे १ ते ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा तितकी थंडी जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

दाराचे कप्पे सगळ्यात उबदार. दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं आणि दर वेळी ते थेट स्वयंपाकघराच्या हवेत येतं. अंड्यांचे खळगे आणि बाटल्यांची जागा तिथेच दिलेली असते, म्हणून दूध आणि अंडी तिथे जातात. माझं म्हणणं असं की दूध मधल्या फळीवर, आतल्या बाजूला ठेवावं आणि अंडी त्यांच्या खोक्यातच, आत. दारात सॉस, जॅम, लोणचं, पाण्याच्या बाटल्या, लिंबाचं सरबत, म्हणजे मीठ, साखर किंवा आंबटपणा ज्यांना आधीच सांभाळतो ते पदार्थ. तयार, न तापवता खायचे पदार्थ वरच्या फळ्यांवर. कच्चं मटण, चिकन, मासे नेहमी खालच्या फळीवर आणि कडा असलेल्या भांड्यात, म्हणजे त्यांचं पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. एकदारी फ्रिजमध्ये मासे चिलर ट्रेमध्ये ठेवायचे असतील तर डबा पूर्ण बंद हवा. एवढी एक गोष्ट पाळली तरी घरातली बरीच पोटदुखी टळते.

भाजीच्या ट्रेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपला पैसा सगळ्यात जास्त तिथे सडतो. आंब्याची आढी घालताना पेंढ्यात फळं का दाबतात? पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, तो पेंढ्यात कोंडतो आणि शेजारची फळं पिकवतो. आढी घालणाऱ्याला वायूचं नाव ठाऊक नसतं, पण एक आंबा दुसऱ्याला पिकवतो हे पक्कं ठाऊक असतं. तोच वायू भाजीच्या बंद ट्रेमध्ये पिकलेली पपई, सफरचंद, टोमॅटो सोडतात आणि दोन दिवसांत मेथी पिवळी पडते, काकडी लिबलिबीत होते. आढी जपून घालणारी माणसं फ्रिजमध्ये मात्र पपई आणि पालक शेजारी ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. फळं वेगळी, पालेभाज्या वेगळ्या. एकच ट्रे असेल तर फळं वरच्या फळीवर डब्यात.

कोथिंबिरीची जुडी घरी आली की दोरा लगेच सोडावा. आतल्या देठांशी ओल कोंडलेली असते आणि सड तिथूनच सुरू होते. पिवळी, चिखललेली पानं निवडून काढावीत, मुळं कापावीत, आणि धुऊ नये. धुणं वापरायच्या वेळी. ओलसर असेल तर अर्धा तास पंख्याखाली पसरावी. मग जुन्या मऊ सुती फडक्यात सैलसर गुंडाळून डब्यात घालावी. फडकं पानांतून सुटणारा ओलावा टिपतं आणि जरूर तेवढा परत देतं; दमट झालं की बदलायचं. वर्तमानपत्राचा कागद वापरण्याची सवय सोडावी. छपाईच्या शाईतली द्रव्यं अन्नाला लागू नयेत म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यात खाद्यपदार्थ गुंडाळण्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिलेली आहे. मिरच्या देठ काढून ठेवल्या तर जास्त टिकतात. कढीपत्ता, पुदिना यांची रीतही कोथिंबिरीसारखीच.

जे फ्रिजमध्ये जायलाच नको, त्याची यादी पुढे त्या त्या प्रकरणात आहे. कारणं मात्र इथे सांगतो. केळं आणि कच्चा आंबा उष्ण प्रदेशातली फळं. सुमारे १३ अंशांखाली त्यांच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते आणि नंतर बाहेर काढूनही ती नीट पिकत नाहीत. हापूस आधी बाहेर पिकू द्यावा, पिकल्यावर एक-दोन दिवस फ्रिजचा आधार घ्यावा. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत बाहेरच ठेवावेत, थंडीत त्यांचा वास हरपतो. बटाट्यातल्या पिठाची थंडीत साखर होते. भाजी गोडूस लागते, काचऱ्या तळताना काळ्या पडतात. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते. लासलगावच्या बाजूचा शेतकरी कांद्याची चाळ बांधताना खालून आणि बाजूने वारा जाईल अशी फट ठेवतो, ते उगीच नाही. घरातला कांदाही जाळीच्या टोपलीत, बटाट्यापासून लांब ठेवावा, कारण बटाट्याच्या ओलाव्याने कांद्याला कोंब येतात. पाव आणि पोळ्या फ्रिजच्या थंडीत बाहेरपेक्षा लवकर वातड होतात. दोन दिवसांनी लागणार असतील तर त्यांची जागा फ्रीझर. चकली-चिवडा फ्रिजमध्ये सादळतो. पेढे, बासुंदी, श्रीखंड यांना मात्र फ्रिज हवाच, सणाच्या गर्दीत जागा नसली तरी.

फ्रीझर हे माझ्या मते घरातलं सर्वांत वाया जाणारं साधन आहे. अनेक घरांत त्यात बर्फाचे ट्रे, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलेलं काहीतरी आणि जमलेलं हिम, एवढंच असतं. उणे १८ अंशांत जंतूंची वाढ थांबते, पदार्थ महिनोन् महिने राहतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१० च्या दशकात लॅब्राडॉरमध्ये राहत होता. तिथले इनुइट लोक पकडलेला मासा कडक थंडीत क्षणार्धात गोठवतात आणि महिन्यांनी शिजवला तरी तो ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिलं आणि त्यातून पुढे गोठवलेल्या अन्नाचा धंदा उभा राहिला. त्यातलं मर्म असं: पदार्थ भरभर गोठला तर बर्फाचे कण बारीक राहतात, हळूहळू गोठला तर कण मोठे होतात, पेशी फाडतात आणि सुटल्यावर पदार्थ पाणचट होतो. घरच्या फ्रीझरमध्ये तितका वेग मिळत नाही, पण जाडी कमी करणं आपल्या हातात आहे. आमरस, टोमॅटोचा रस, चिंचेचा कोळ पिशवीत भरून पाटीसारखा सपाट गोठवावा. खवलेला नारळ मूठ-मूठभर वेगळा बांधावा, म्हणजे एका भाजीसाठी अख्खा गोळा सोडवावा लागत नाही. थंडीत मटार स्वस्त असतो तेव्हा दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून, कापडावर अगदी कोरडे करून ठेवावेत. उकळत्या पाण्याचं कारण म्हणजे दाण्यातली विकरं. ती थंडीतही सावकाश काम करत राहतात आणि चार महिन्यांत रंग-चव घालवतात. गोठलेलं मटण-मासे ओट्यावर ठेवून सोडवू नयेत. बाहेरचा भाग कोमट होऊन तासन् तास राहतो, आत बर्फच. आदल्या रात्री खालच्या फळीवर आणून ठेवावेत. आणि एकदारी फ्रिजमधलं जमलेलं हिम सुरीने कधीही खरवडू नये. नळीला भोक पडलं तर फ्रिज जातोच, शिवाय आजच्या बऱ्याच फ्रिजमधला आयसोब्युटेन वायू पेट घेणारा असतो.

हे सगळं लिहिताना मराठी मुलुखाचं हवामान डोळ्यांसमोर आहे. युरोपातल्या पुस्तकांतले सल्ले वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी असतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उष्ण प्रदेशासाठी बनवलेला फ्रिजसुद्धा साधारण ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आखलेला असतो. तो गॅसच्या शेगडीला चिकटून, मागची जाळी भिंतीला टेकवून उभा केला तर बिचाऱ्या यंत्राने उष्णता टाकायची कुठे? मागे आणि बाजूला चांगली वीतभर नाही तरी चार-सहा बोटं जागा सोडावी, जाळीवरची धूळ झाडावी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावं; ती सहज निघून आली तर रबर सैल झालं आहे. कोकणात पावसाळ्यात हवेतली ओल दार उघडताच आत शिरते आणि फळ्यांवर पाणी साचतं, ते रोज पुसायला हवं. वीज जाण्याचंही तसंच. दार न उघडता फ्रिज सुमारे चार तास थंडी धरतो, भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत, असं साधारण गणित आहे. आपल्या उन्हाळ्यात ते याहून कमीच धरावं. ग्रामीण भागात जिथे रोज पाच-सहा तास वीज जाते, तिथे मासे आणि दूध फ्रिजच्या भरवशावर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. तिथे अजूनही खारवणं, वाळवणं, तापवणं हेच खरं.

फ्रिजची मांडणी हा पुष्कळांना हौशीचा विषय वाटतो: एकसारखे डबे, रंगीत टोपल्या. डबे विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. तुमच्या घरात फ्रिजमध्ये काय आहे हे किती माणसांना माहीत असतं? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं आणि ते घरातल्या बाईचं नाव असतं. कालची उसळ कुठे आहे, पीठ किती उरलंय, दूध आधी कुठलं संपवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. ती दोन दिवस गावाला गेली की बाकीचे बाहेरून मागवतात आणि उसळ टाकून दिली जाते. मांडणी करायची ती यासाठी, की घरातल्या कुणालाही, दहा वर्षांच्या मुलालासुद्धा, दार उघडताच कळावं. शिजवलेल्या उरलेल्या अन्नाला एकच ठरलेली फळी, डोळ्यांच्या उंचीला. स्टीलचे डबे चांगलेच, पण आतलं दिसत नाही, म्हणून झाकणावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर तारीख. नवं आणलेलं मागे, जुनं पुढे, जसं वाणी आपल्या फळीवर लावतो. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी, फ्रिज पूर्ण रिकामा करून बघून मगच यादी करायची. ही कामं वाटून घेण्याजोगी आहेत आणि ती वाटली गेलीच पाहिजेत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा घरांचा होता. हॉटेलांचा नव्हे, लग्नाच्या पंगतींचा नव्हे, घरांचा. पानात टाकू नये हे आपण मुलांना शिकवतो. फ्रिजमध्ये टाकलेलं मात्र आपल्या हिशेबातच येत नाही. शेतकऱ्याने पिकवलेलं, कुणीतरी निवडून, चिरून, शिजवलेलं अन्न विजेवर चार दिवस सांभाळून मग कचऱ्यात जातं, तेव्हा दाणा, श्रम आणि वीज तिन्ही गेलेली असतात.

पुढची प्रकरणं पदार्थांच्या क्रमाने आहेत: दूध आणि दुधाचे पदार्थ, भात-डाळी-उसळी, पिठं आणि कणीक, भाज्या, फळं, मासे-मटण-अंडी, वाटणं आणि चटण्या, सणाचे पदार्थ. सलग वाचायची गरज नाही, अडेल तिथे उघडावं. दिलेले दिवस चालू फ्रिजचे आणि झाकलेल्या भांड्यांचे आहेत. शंका आली तर एक दिवस कमीच धरावा. पण त्याआधी एक विनंती आहे. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर विकत आणा, तो फार महाग नसतो. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात बुडवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हा वाचा. आकडा ५ च्या वर असेल तर बटण एक घर पुढे सरकवा, झरोके मोकळे करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आकडा ४ वर आला, की मग पहिलं प्रकरण उघडा.